दवा, दुआ आणि दावा

आपल्याकडे कुणी आजारी पडले आणि आपण भेटायला गेलो, की तब्येतीची चौकशी झाल्यावर दुसराच प्रश्न येतो, "सलाईन लावलं का?" लावले असेल तर विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसते. नुसत्या गोळ्या दिल्या असतील तर डॉक्टर बदलण्याचा सल्ला मिळतो. खेडे असो की शहरातला मोहल्ला, उलटी टांगलेली बाटली, तिच्यातून टपटपणारे थेंब आणि हाताला चिकटपट्टीने बसवलेली सुई म्हणजेच इलाज, असे चित्र आपल्या मनात पक्के झाले आहे. प्रत्यक्षात साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत ४.५ ग्रॅम मीठ असते आणि पाच टक्के ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम साखर. जुलाब-उलट्यांनी शरीरातले पाणी गेलेल्या, शुद्ध हरपलेल्या किंवा ऑपरेशन झालेल्या माणसाचा जीव ही बाटली वाचवते. पण जो स्वतःच्या पायांनी दवाखान्यात आला आणि ज्याला तोंडाने पाणी जाते, त्याला ती एका ग्लास सरबतापेक्षा फारसे जास्त काही देत नाही.

अलीकडे या बाटलीचा रंग बदलला आहे. आता ती पिवळी असते. तिच्यात बी गटातील जीवनसत्त्वे, क जीवनसत्त्व, मॅग्नेशियम, कधी ग्लुटाथायोन मिसळलेले असते. मोठ्या शहरांत त्यासाठी वेगळी केंद्रे निघाली आहेत. आरामखुर्ची असते, मंद दिवे असतात, आणि एका बैठकीला काही हजार रुपये मोजावे लागतात. तिथे गोरे होण्यासाठी येणारी तरुण मंडळी असतात, त्यांचा विचार मी इथे करत नाही. मला विचार करायचा आहे तो त्याच खुर्चीत बसलेल्या दुसऱ्या माणसाचा. त्याचे सांधे दहा वर्षे दुखत आहेत, किंवा कोविड होऊन गेला तरी त्याचा थकवा गेला नाही, किंवा सर्व तपासण्या 'नॉर्मल' येऊनही त्याचे अंग ठणकते. अशा माणसाने सिद्ध न झालेला उपाय करून पाहावा का? आणि आपण, त्याच्या भोवतीची माणसे, त्याला काय सांगावे?

या प्रश्नाची दोन तयार उत्तरे आपल्याकडे आहेत. पहिले, "करून बघायला काय हरकत आहे? गुण आला तर आला." दुसरे, "बीमारी अल्लाहकडून आहे, सब्र करा." पहिले उत्तर देणारा स्वतःला व्यवहारी समजतो आणि दुसरे देणारा दीनदार. मला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. दोघेही आजाऱ्याला काहीतरी सांगून मोकळे होतात आणि त्यानंतर जे घडेल ते त्याच्या एकट्याच्या माथी येते.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. इमला घेताना दुआ, दवा आणि दावा या तीन शब्दांत मुले हमखास गोंधळतात. उच्चार जवळजवळ आहेत, पण लिपी त्यांना वेगळे ठेवते. दवा हा शब्द दाल, वाव आणि अलिफने लिहितात. दुआ आणि दावा या दोन्हींत मात्र ऐन आहे, कारण अरबीत दोघांचा धातू एकच आहे आणि त्याचा अर्थ पुकारणे, हाक मारणे असा आहे. दुआत माणूस अल्लाहला पुकारतो, मागतो. दाव्यात तो लोकांसमोर पुकारून सांगतो की अमुक गोष्ट अशी आहे, किंवा अमुक हक्क माझा आहे. एकाच मुळातून निघालेले हे दोन शब्द अगदी उलट दिशांना गेले. मागणाऱ्याकडे कुणी पुरावा मागत नाही. दावा करणाऱ्याकडे मात्र काजीही पुरावा मागतो आणि कोर्टही. आणि ऐनवर एक नुक्ता चुकून पडला की दुआचा दगा होतो, हे तर उर्दू वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

आजारपणातल्या नैतिक प्रश्नाची गाठ या तीन शब्दांनी बरीचशी सुटते, असे मला वाटते. आशा ही दुआच्या जातीची आहे. ती आजाऱ्याची असते आणि तिला पुरावा लागत नाही. "या बाटलीने तुमचा संधिवात जाईल" हे वाक्य आशा नाही, तो दावा आहे. तो करणाऱ्याने सिद्ध केला पाहिजे. घोटाळा होतो तो दावा आशेचे कपडे घालून येतो तेव्हा. "आशा सोडू नका, आणखी चार बाटल्या घ्या," असे कुणी म्हणाले, तर त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग दुआ आहे आणि दुसरा अर्धा भाग दुकान.

जीवनसत्त्वांचा विषय काढताना एक गोष्ट आधी मान्य केली पाहिजे. जीवनसत्त्वांनी खरोखर माणसे वाचवली आहेत, आणि त्यातला एक मोठा शोध आपल्याच मुंबईत, आपल्याच गरीब बायांच्या रक्तातून लागला आहे. १९२८ साली लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गरोदरपणात स्त्रियांना होणाऱ्या जीवघेण्या पंडुरोगाचे कारण तिला शोधायचे होते. हाफकिन संस्थेत तिचे काम चाले. कोण काय खाते याची तिने नोंद केली, तेव्हा मुंबईतल्या गरीब मुस्लिम स्त्रियांचा आहार सर्वांत निकृष्ट आणि पंडुरोगाचे प्रमाणही त्यांच्यातच सर्वांत जास्त, असे तिला दिसले. तिने उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग केले, एकेक पदार्थ देऊन पाहिला, आणि शेवटी यीस्टच्या अर्काने, म्हणजे ब्रेडला लावायच्या स्वस्त मार्माइटने, या बाया बऱ्या होतात हे दाखवून दिले. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे १९४० च्या दशकात वेगळा काढण्यात आला. तेच आज प्रत्येक गरोदर बाईला मिळणारे फॉलिक ॲसिड.

ही हकीकत मी दोन कारणांनी सांगितली. एक, जीवनसत्त्वाने बरे होणे ही भोळी समजूत नाही. शरीरात ज्याची कमतरता आहे ते दिले, की परिणाम चमत्कारासारखा दिसतो. बी-१२ ज्यांच्या पोटात शोषलेच जात नाही त्यांना ते सुईनेच द्यावे लागते. आतड्याचा मोठा भाग काढलेल्या रुग्णाला शिरेतून पोषण द्यावे लागते. लोहाच्या गोळ्या ज्यांना चालत नाहीत त्यांना लोहही शिरेतून देतात. या ठिकाणी सुई ही दवा आहे. दोन, लूसी विल्सने आधी दावा केला नाही. तिने आधी पाहिले, मोजले, तपासले आणि मग सांगितले.

आता दुसरी बाजू. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात जॉन मायर्स नावाचे एक डॉक्टर होते. दमा, थकवा, अंगदुखी अशा अनेक तक्रारींसाठी ते रुग्णांना मॅग्नेशियम, कॅल्शियम, बी आणि क जीवनसत्त्वे शिरेतून देत. १९८४ साली ते वारले. नेमके किती प्रमाण ते वापरत याची पूर्ण नोंद मागे राहिली नाही. त्यांचे काही रुग्ण ॲलन गॅबी या डॉक्टरांकडे आले. गॅबींनी स्वतःच्या अंदाजाने एक मिश्रण ठरवले आणि २००२ साली त्यावर लेख लिहिला. आज जगभर 'मायर्स कॉकटेल' या नावाने जी बाटली लावतात तिची वंशावळ एवढीच आहे. या दोन डॉक्टरांच्या नियतीवर मला शंका घ्यायची नाही. पण रुग्णांना बरे वाटले, एवढ्यावरच हा दावा उभा होता.

बरे वाटणे ही साधी गोष्ट नाही, हे मला माझ्या खालामुळे कळले. खालाला बारा वर्षांपासून आमवात, म्हणजे रुमेटॉइड संधिवात आहे. शिवणकामावर तिने संसार केला. आता तिला कात्री धरवत नाही. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या आणि सोबत फॉलिक ॲसिडची छोटी पिवळी गोळी, असे तिचे औषध चालू होते. सरकारी दवाखान्यात तीन तास रांगेत बसायचे आणि डॉक्टरांसमोर दोन मिनिटे. अशात कुणीतरी तिला शहरातल्या एका केंद्राचा पत्ता दिला. उमऱ्यासाठी जमवलेल्या पैशांतून तिने आठ बाटल्यांचा कोर्स घेतला. पहिल्या दोन-तीन बाटल्यांनंतर ती खरोखर फुलली. रात्री झोप लागू लागली. एका रविवारी तिने स्वतःच्या हाताने खिमा-पराठे केले. केंद्रात तिला सांगितले गेले की आता 'केमिकलच्या' गोळ्यांची गरज राहणार नाही, म्हणून तिने त्या बंद केल्या. पाचव्या-सहाव्या आठवड्यात बोटे पुन्हा सुजली, पूर्वीपेक्षा जास्त. केंद्राचे उत्तर तयार होते, "तुमच्या शरीरात कमतरता फार जुनी आहे, कोर्स वाढवावा लागेल."

पैसे संपले होते, म्हणून कोर्स वाढला नाही. खाला पुन्हा सरकारी दवाखान्याच्या रांगेत बसली. पण तिने मला एक प्रश्न विचारला. तो मला आजही सोपा वाटत नाही. "बेटा, ते दोन महिने मला बरं वाटलं होतं. ते काय खोटं होतं?"

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी एका छोट्या अभ्यासाचा आधार घेते. अमेरिकेत येल विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी २००९ साली तो प्रसिद्ध केला. फायब्रोमायल्जिया, म्हणजे सर्वांगाच्या जुनाट दुखण्याचा विकार असलेले ३४ रुग्ण त्यांनी घेतले. अर्ध्यांना आठ आठवडे, दर आठवड्याला एक, अशा मायर्सच्या बाटल्या लावल्या. उरलेल्यांना तशाच दिसणाऱ्या, पण जीवनसत्त्वे नसलेल्या क्षारपाण्याच्या बाटल्या लावल्या. कुणाला काय मिळते आहे हे रुग्णांना माहीत नव्हते. निकाल असा आला की दोन्ही गटांचे दुखणे कमी झाले, आणि दोन गटांतला फरक विश्वास ठेवण्याइतका नव्हता. अभ्यास लहान होता, त्यामुळे त्याला शेवटचा शब्द म्हणता येणार नाही. पण खालाच्या प्रश्नाला तो थेट भिडतो. त्या रुग्णांचे बरे वाटणे खोटे नव्हते. क्षारपाणी घेणाऱ्यांचेही खोटे नव्हते. फक्त ते बरे वाटणे जीवनसत्त्वातून आले, हे सिद्ध झाले नाही.

मग ते आले कुठून? काही भाग काळाचा असतो. जुनाट दुखणे भरती-ओहोटीसारखे असते. ते असह्य होते तेव्हाच माणूस नवे दार ठोठावतो, आणि त्यानंतर ते तसेही थोडे उतरणार असते. काही भाग अपेक्षेचा असतो. आता बरे वाटणार असे मनाने धरले की दुखण्याची धार खरोखर बोथट होते. आणि काही भाग, मला वाटते, त्या खुर्चीचा असतो. खाला तिथे तासभर शांत बसत असे. कुणी तिचा हात हातात घेऊन शीर शोधत असे, मध्येच येऊन "त्रास होत नाही ना?" असे विचारत असे. बारा वर्षांत तिच्या दुखण्याला कुणी सलग एक तास दिला नव्हता. सरकारी दवाखान्याने दिला नव्हता आणि घरच्यांनीही नाही.

मग प्रश्न आणखी अवघड होतो. बाटलीने बरे वाटत असेल, तर खोटे सांगून का होईना, ती लावण्यात गैर काय? गावचा डॉक्टर नातेवाइकांच्या समाधानासाठी सलाईन लावतो, तोही हेच म्हणतो. दुखी माणसाला दिलासा देण्यासाठी बोललेले खोटे माफ नाही का?

माझे उत्तर नाही असे आहे, आणि त्याची तीन कारणे आहेत. पहिले, हे खोटे फुकट नसते. ते खऱ्या औषधाची जागा घेते. आमवातात सांधे एकदा झिजले की परत येत नाहीत. मेथोट्रेक्सेट बंद ठेवलेले ते आठवडे खालाच्या बोटांनी भरले. दुसरे, 'नुकसान तर नाही ना' हासुद्धा एक दावाच आहे आणि तोही तपासावा लागतो. क जीवनसत्त्वाच्या फार मोठ्या मात्रेने मूत्रपिंडात ऑक्झलेट साचू शकते. ज्यांच्या रक्तात जन्मतः जी-सिक्स-पीडी नावाच्या घटकाची कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी अशा मात्रेने फुटू शकतात. अतिदक्षता विभागातल्या सेप्सिसच्या रुग्णांना शिरेतून क जीवनसत्त्व दिले तर ते वाचतील, अशी मोठी आशा डॉक्टरांनाही होती. २०२२ साली सुमारे ८७० रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. मृत्यू किंवा अवयव निकामीच राहणे हे क जीवनसत्त्व मिळालेल्यांत ४४.५ टक्के आणि न मिळालेल्यांत ३८.५ टक्के निघाले. हे रुग्ण वेगळे, त्यांची अवस्था वेगळी, हे खरे. पण 'व्हिटॅमिनच तर आहे' असे म्हणून डोळे झाकता येत नाहीत, एवढे यातून नक्की कळते.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. दावा फसला की त्याची किंमत दावा करणारा देत नाही, आजारी माणूस देतो. कोर्स अपुरा पडला, उशिरा आलात, पथ्य पाळले नाही, मन लावून घेतले नाही. अपयश त्याच्या पदरात टाकले जाते. खालाही शेवटी म्हणालीच, "माझंच काहीतरी कमी पडलं." दुखणे होतेच, आता त्यावर अपराधाचे ओझे चढले. आणि इथे त्या केंद्राची आणि 'सब्र करा' म्हणणाऱ्या दीनदार नातेवाइकाची मला गाठ पडताना दिसते. तोही म्हणतो, तुमचे ईमान पक्के असते तर शिफा मिळाली असती. एक शरीरातली कमतरता दाखवतो, दुसरा श्रद्धेतली. दोघेही स्वतः जबाबदारीतून सुटतात.

आपल्या दीनने या सुटण्याला वाट ठेवलेली नाही. अबू दाऊद आणि इब्ने माजा यांच्या संग्रहांत पैगंबर (स.) यांची एक हदीस आहे. वैद्यकीचे ज्ञान नसताना जो वैद्यकी करतो तो ज़ामिन आहे, असा तिचा आशय आहे. म्हणजे होणाऱ्या नुकसानीला तो जबाबदार आहे, भरपाई त्याने द्यायची आहे. मराठीत आपण जामीन राहणे म्हणतो तो हाच शब्द. कर्जाला जामीन राहणारा पूर्ण विचार करून सही करतो, कारण कर्जदाराने हात वर केले तर पैसे आपल्याला भरावे लागतील हे त्याला ठाऊक असते. "या बाटलीने बरे व्हाल" म्हणणाऱ्याला आपण कधी विचारतो का, की नाही झाले तर तुम्ही जामीन आहात का?

कायद्याचाही रोख तोच आहे. आपल्या देशात १९५४ सालापासून औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा आहे. त्याच्या यादीत कर्करोग, मधुमेह, संधिवात अशी नावे आहेत. हे रोग बरे करतो अशी जाहिरात करता येत नाही. अमेरिकेत २०१८ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने टेक्सासमधल्या एका ड्रिप कंपनीवर कारवाई केली, कारण ती कर्करोगापासून मधुमेहापर्यंत अनेक आजारांवर बाटलीचा गुण पुराव्याविना सांगत होती. बाटली विकण्यावर आक्षेप नव्हता, दाव्यावर होता.

काही वाचक म्हणतील, पुरावा, चाचण्या, तुलना हे सारे पाश्चात्त्यांचे माप आहे. तसे नाही. अबू बक्र अर-राझी या हकीमाने हजाराहून अधिक वर्षांपूर्वी सरसामच्या रुग्णांतील काहींचे रक्त काढले आणि काहींचे मुद्दाम काढले नाही, म्हणजे रक्त काढण्याचा खरोखर उपयोग होतो का ते कळावे. 'किताबुल हावी'मध्ये ही नोंद आहे. इब्ने सीनाने 'अल-कानून'च्या दुसऱ्या भागात औषध पारखण्याच्या अटी घातल्या. औषध शुद्ध असावे, गुंतागुंतीच्या नव्हे तर एकाच साध्या विकारावर ते तपासावे, गुण पुन्हापुन्हा दिसावा, आणि जनावरावर दिसलेला गुण माणसावरही येईलच असे धरू नये. पाच-सहा द्रव्ये एकत्र करून दहा आजारांवर एकच बाटली लावणारे आजचे मिश्रण यांपैकी पहिल्याच अटींवर अडखळले असते. दाव्याला तपासणे हा आपला जुना वारसा आहे. तो आपण विसरलो.

या निकषाने आपल्या घरातल्या गोष्टीही पाहाव्या लागतील. सुशिक्षित मंडळी दम केलेल्या पाण्याला हसतात आणि पिवळ्या बाटलीला विज्ञान समजतात, कारण ती सुईतून जाते. मोहल्ल्यातला एखादा साधा मौलाना पाण्यावर आयत फुंकतो, पैसे घेत नाही आणि सांगतो, "डॉक्टरची दवा चालू ठेवा, शिफा अल्लाह देईल." त्याने दुआ केली, दावा केला नाही. याउलट एखादा बाबा एकवीस दिवसांत मधुमेह घालवण्याची हमी देतो, तेव्हा तो आणि ते वातानुकूलित केंद्र एकाच रांगेत बसतात. रेघ श्रद्धा आणि विज्ञान यांच्यामध्ये नाही. ती दुआ आणि दावा यांच्यामध्ये आहे, आणि दोन्हीकडे दोन्ही प्रकारची माणसे आहेत.

सब्रचाही अर्थ नीट लावायला हवा. सब्रचे उदाहरण म्हणून आपण हजरत अय्यूब (अ.) यांचे नाव घेतो. पण अय्यूब (अ.) गप्प बसले नव्हते. त्यांनी आपल्या रबला पुकारून आपला त्रास सांगितला, आणि त्यांना हुकूम झाला तो जमिनीवर पाय आपटण्याचा. तिथे गार पाण्याचा झरा लागला, त्यात न्हायचे होते आणि ते प्यायचे होते. म्हणजे सब्रच्या सर्वांत मोठ्या कहाणीतही तक्रार आहे, दुआ आहे आणि हातपाय हलवणे आहे. उंट बांधून मग तवक्कुल करण्याची शिकवण आपण मुलांना देतो. आजाऱ्याने तदबीर करू नये असे त्यात कुठेच नाही. म्हणून एखादा माणूस नवा उपाय करून पाहू इच्छितो तेव्हा त्याला कमकुवत ईमानाचा ठरवणे हा त्याच्यावर जुलूम आहे.

मग अशा माणसाला काय सांगावे? तू आशा कर, ती तुझी आहे, हे आधी सांगावे. मग दावा करणाऱ्याला तीन प्रश्न विचारायला त्याच्यासोबत जावे. माझ्या रक्तात कमतरता आहे हे कोणत्या तपासणीने ठरवले? असेल तर ती गोळीने भरून येणार नाही का? आणि माझे चालू औषध बंद करायला सांगत असाल तर तसे लिहून, सही करून द्याल का? बी-१२, ड जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन यांच्या तपासण्या आता तालुक्याच्या लॅबमध्येही होतात. आपल्या पडद्यातल्या, ऊन न मिळणाऱ्या बायांत ड जीवनसत्त्वाची कमतरता खरोखर निघू शकते. निघाली तर तिची गोळी स्वस्त आहे. या तीन प्रश्नांची नीट उत्तरे मिळाली, त्याच्या डॉक्टरांनीही होकार दिला आणि पैसा कर्जाचा नसेल, तर त्याने बाटली लावावी. आपण नाक मुरडू नये. उत्तरे मिळाली नाहीत तर कोणत्या बाजूला उभे राहायचे हे आपल्याला कळेल.

खालाच्या औषधांतली ती छोटी पिवळी गोळी मेथोट्रेक्सेटचा त्रास कमी व्हावा म्हणून दिलेली असते. ती फॉलिक ॲसिडची असते. लूसी विल्सने मुंबईच्या गरीब मुस्लिम बायांमध्ये जे शोधले, तेच. तिला खरोखर लागणारे जीवनसत्त्व काही रुपयांत तिच्या डब्यात आधीपासून होते. तिला कमी पडत होती ती दुसरी गोष्ट, आणि ती कोणत्याही बाटलीत भरता येत नाही.

आजाऱ्याची इयादत हा आपल्याकडे एका मुसलमानाचा दुसऱ्यावरचा हक्क मानला आहे. कयामतच्या दिवशी अल्लाह बंद्याला विचारील, मी आजारी होतो, तू मला भेटायला का आला नाहीस, अशा आशयाची हदीस आपण जुम्याच्या खुतब्यात ऐकतो. पण आपली इयादत ही तापाच्या आणि ऑपरेशनच्या रुग्णांसाठी आहे. पहिल्या आठवड्यात घर भरते, फळांच्या पिशव्या येतात. बारा वर्षे आजारी असलेल्याकडे बाराव्या वर्षी कोण जाते? त्याचे दुखणे घरातल्या सामानासारखे होते, कुणाच्या नजरेत येत नाही. त्या रिकाम्या जागेत केंद्राची आरामखुर्ची येऊन बसते आणि तासाला काही हजार मागते. ती फसवते हे खरे, पण तिला जागा आपण करून दिली आहे.

तो तास आपण देऊ शकतो. आठवड्यातून एकदा जावे, सल्ले घरी ठेवून जावे, शेजारी बसावे, त्याचा हात हातात घ्यावा आणि आज कसे वाटते ते विचारून उत्तर पूर्ण ऐकावे. सरकारी दवाखान्याच्या रांगेत त्याच्या जागी आपण उभे राहावे. याने आमवात बरा होईल असा दावा मी करत नाही. पण ज्याला असा तास घरी मिळतो, त्याला तो विकत घ्यायला दूर जावे लागणार नाही, आणि त्याच्या गोळ्याही चुकणार नाहीत.